रामघाटावरचा पहिला घास

काशीला जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या मिरजेत लोक अजूनही वाकून नमस्कार करतात. माझं चष्म्याचं दुकान आहे. तिथे नंबर तपासायला आलेल्या एका आजींनी तर सरळ माझे पाय धरले, आणि मी ओशाळून मागे सरकलो. त्यांना काय सांगणार? की आजी, मी तिथे पुण्यबिण्य काही कमावलं नाही, पोहोचल्यापासून निघेपर्यंत नुसता घाबरत होतो. गंगेत बुडीसुद्धा मारली नाही. खालच्या पायरीवर बसून तांब्याने अंगावर पाणी घेतलं, एवढंच.

मी मुळातच भित्रा. आमची ही म्हणते, भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो, पण तुमच्यामागे त्याचं अख्खं कुटुंब लागलंय. असा मी ऐन पौषातल्या थंडीत, दोन दिवसांचा प्रवास करून, एकटा काशीला गेलो याचं कारण माझी धाकटी बहीण मृणाल. ती लग्न होऊन रामघाटावरच्या एका जुन्या मराठी घरात गेली. सासरे आप्पा वेदपाठी, घरात विद्यार्थ्यांना शिकवतात. नवरा श्रीकांत रेल्वेत. मुलगा ईशान, दहा महिन्यांचा. मृणाल कधी काही मागणारी नाही, पण त्या दिवशी फोनवर म्हणाली, "दादा, एकदा येऊन जा ना." कशाला ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

गल्लीत

ज्यांनी काशी पाहिली नाही त्यांना गल्ली म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. आमच्याकडे बोळ असतो, पण त्याला सुरुवात आणि शेवट असतो. इथे एक गल्ली दुसरीच्या पोटातून निघते. रिक्षावाल्याने मोठ्या रस्त्यावर उतरवलं आणि पुढे चालत जा म्हणाला. धुकं इतकं की हातातली पिशवी दिसत होती, पण पाय दिसत नव्हते. पहिल्याच वळणावर एक सांड आडवा उभा. मी भिंतीला पाठ लावून "बाबा रे, जा" असं मराठीत विनवत राहिलो. तो गेला, तर मागून "राम नाम सत्य है" करत एक प्रेतयात्रा आली. पुन्हा भिंत. नंतर कळलं, मणिकर्णिकेकडे जाणारी प्रेतं त्या गल्ल्यांमधून दिवसभर जातात, आणि लोक चहाचा कुल्हड हातात धरून थोडंसं सरकतात, बस. मला मात्र वाटलं, बहिणीच्या घरी पहिल्यांदा पाऊल टाकायचं आणि वाटेत हे.

घर सापडलं. दार आत्यांनी उघडलं. या आप्पांच्या विधवा बहीण, आता घर यांच्याच हातात, कारण मृणालच्या सासूबाई ईशान तीन महिन्यांचा असताना गेल्या. आत्यांचं मराठी ऐकायला गोड. आपले जुने शब्द आणि तिथलं हिंदी, दोन्ही एका वाटीत. "या, या. ट्रेन लेट होती ना? कचौडी मागवलीये, गरम आहे तोवर खाऊन टाका, मग बोला." कचौडी, रस्सा आणि वर जिलबी, सकाळी नऊ वाजता! आमच्याकडे सकाळी जिलबी खाणाऱ्याला लोक आजारी समजतील. मी मात्र दोनदा मागून घेतली. त्यानंतर मलइयो नावाचा दुधाचा केशरी फेस आला. चमच्यात घेईपर्यंत असतो आणि तोंडात गेल्यावर नसतो. हिवाळ्यातच मिळतो म्हणे.

मग मृणाल ईशानला घेऊन बाहेर आली, आणि माझ्या हातातला कुल्हड तसाच राहिला.

फोनवर दिसतं ते वेगळं. तिथे नुसता चेहरा दिसतो, आणि चेहरा बरा होता. मी त्याला मांडीवर घेतलं तेव्हा कळलं. वजनच नव्हतं. दंडाची कातडी सैल. डोळे मोठे, एका जागी लागलेले. अनोळखी माणसाने उचललं तर दहा महिन्यांचं पोर भोकाड पसरतं की नाही? हा रडला नाही. माझ्याकडे बघत पडून राहिला. मी उगाच मोठ्याने "अरे वा, मामाला ओळखलं वाटतं!" असं म्हणालो. मृणालने खाली पाहिलं.

"थोडा कमजोर आहे," आत्या म्हणाल्या. "पण आता केंद्रातून त्याला ते पौष्टिक मिळतं. होईल ठीक."

केंद्राच्या ओट्यावर

ते पौष्टिक म्हणजे शेंगदाण्याची पेस्ट. गल्लीच्या तोंडाशी बालकांचं एक केंद्र आहे, तिथून छोट्या पुड्या मिळतात. शेंगदाणा, दुधाची पावडर, तेल, साखर आणि वरून जीवनसत्त्वं आणि लोह वगैरे. रोज एक पुडी. मी चाखून पाहिली. आपल्या दाण्याच्या लाडवाचं पातळ पीठ म्हणा ना. दुसऱ्या दिवशी मृणालबरोबर मीही केंद्रावर गेलो. श्रीकांतरावांची ड्यूटी होती.

केंद्र म्हणजे एक खोली आणि बाहेर ओटा. ओट्यावर आया रांगेने बसलेल्या, कुणाचं पोर रडतंय, कुणाचं पळतंय. त्या गोंगाटात आमचा एकटा गप्प. तिथल्या दीदीने त्याला वजनकाट्यात ठेवलं, मग एक रंगीत पट्टी त्याच्या दंडाभोवती गुंडाळली. हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे धोका. पट्टी पिवळ्यात थांबली, पण कुठे, तर लाल जिथे सुरू होतो त्याला खेटून. दीदीने त्याच्या पावलावर अंगठा दाबून पाहिला, सूज असली तर खळगा पडतो म्हणून. नाही पडला.

मग तिने एक पुडी फोडून बोटाने त्याच्या ओठाला लावली. ईशानने थोडं चाटलं आणि तोंड फिरवलं. तिने पुन्हा लावलं. त्याने पुन्हा फिरवलं. दीदीचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

"पुडिया खाने में मिलाकर देती हैं न? दलिया, खिचड़ी, दाल-चावल?"

"हाँ," मृणाल म्हणाली.

"यह खाने के साथ है, खाने की जगह नहीं," दीदीने बजावलं. भूक मेली तर पुडीने काही होत नाही, मग भरती करावं लागतं, सलाईन, सगळं. चार दिवसांनी परत आणा, आणि त्याआधी सुस्त पडला किंवा काहीच घेईना तर थांबू नका, सरळ हॉस्पिटल. मृणाल मान हलवत होती. मी आदल्या दिवसापासून त्या घरात होतो. खिचडी, दलिया, भात, ईशानच्या तोंडात यातलं काही जाताना मी पाहिलं नव्हतं. परतताना गल्लीत तिला म्हटलं, तू खोटं का बोललीस?

ती चालतच राहिली. मग एका बंद दाराच्या पायरीवर बसली आणि सगळं सांगितलं.

ईशानचं उष्टावणच झालं नव्हतं. सहाव्या महिन्यात व्हायचं, तर घरात मृत्यू झालेला. वर्षभर मंगलकार्य नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं. उष्टावण नाही तर अन्न नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर करू. तोवर आईचं दूध, आणि तेही सासूबाई गेल्यापासून कमी होत गेलेलं. पोर वाढेना म्हणून मृणाल घाबरून केंद्रावर गेली आणि पुड्या घेऊन आली. घरी पुडी फोडल्यावर प्रश्न आला, हे द्यायचं कसं? तो आत्यांनी सोडवला. शेंगदाणा, दूध, साखर. एकादशीला चालतं ते सगळं. म्हणजे हा फराळ झाला, अन्न नव्हे. उष्टावणाआधी द्यायला हरकत नाही.

मला हसावं की रडावं कळेना. आपल्यातच असं डोकं चालतं! ज्यांनी साबुदाण्यावर दाण्याचं कूट घालून उपास पोटभर केला, त्यांनाच हे सुचणार. आत्यांचा त्यात दुष्टावा नव्हता हो. त्यांना वाटलं, पोराची सोय झाली आणि नियमही राहिला. पण तीन महिने त्या पोराच्या पोटात दुधाबरोबर दिवसाला एक पुडी, आणि तीही चाटवून अर्धी, याखेरीज काही गेलं नव्हतं.

मी म्हटलं, मग आजच गुपचूप भरवू. मी मामा आहे, उष्टावण मामानेच करायचं असतं आपल्यात. मी भरवतो, कुणाला कळायचं नाही.

"आणि नंतर त्याला काही झालं तर?" मृणाल म्हणाली. "तो असाच इतका अशक्त आहे. उद्या काही झालं तर जन्मभर म्हणतील, वर्षाच्या आत घास दिला म्हणून झालं. मीही म्हणेन. दादा, मीच म्हणेन."

मग आप्पांना विचार, असं म्हणालो तर ती नाहीच म्हणाली. आप्पा बायको गेल्यापासून घरात कुणाशी बोलत नाहीत. शिकवतात, पूजा करतात, खोलीत बसतात. आत्यांनी विचारलं नाही, त्यांना भावाचं दुःख उकरायचं नव्हतं. श्रीकांतरावांनी विचारलं नाही, ते वडिलांसमोर उभेसुद्धा राहत नाहीत. राहिलो मी.

आप्पांच्या खोलीबाहेर

विचारायला गेलो, खरंच गेलो. पुढच्या खोलीत विद्यार्थी एका सुरात पाठ म्हणत होते आणि आप्पा डोळे मिटून बोटांवर स्वर मोजत होते. पाठ संपला की बोलू म्हणून दाराशी उभा राहिलो. पाठ संपला, आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणालो, "इथे थंडी फार आहे, नाही?" ते "हं" म्हणाले. झालं. माझी मर्दुमकी इतकीच.

त्या दुपारी ईशानला जुलाब झाले. मृणालने केंद्रातून आणलेलं मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं. दोन-तीन तासांत थांबले, पण तो पडून राहिला तो अगदी निपचित. चमचा लावला की पाणी घेत होता, म्हणून मृणाल म्हणाली, सकाळपर्यंत बघू, नाहीतर हॉस्पिटल. मी दर थोड्या वेळाने जाऊन त्याच्या छातीवर हात ठेवून पाहत होतो. खालून गल्लीतून पुन्हा तोच घोष गेला, राम नाम सत्य है. तोवर ते ऐकायची थोडी सवय झाली होती. त्या दुपारी मी उठून खिडकी लावून घेतली. आत्यांनी पाहिलं. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मला काही समजत नाही हो आता. मी काय चूक केलं काय?" जेवायला बसलो. गरम वरणभात, त्यावर तूप, आणि पलीकडे पाळण्यात ते पोर.

संध्याकाळी आप्पा स्वतःहून म्हणाले, "उद्या सकाळी पलीकडे जातो स्नानाला. येता का?" पाहुण्याला विचारावं म्हणून विचारलं असणार. पलीकडे म्हणजे गंगेच्या पल्याड, होडीने. मी पाण्याला किती भितो ते वर आलंच आहे. पण होडीत ना विद्यार्थी, ना दार. मी हो म्हणालो आणि लगेच पस्तावलो.

शिंदे घाटासमोर

सकाळी पायऱ्या ओल्या, धुकं पाण्याला टेकलेलं. होडीत बसताना मी नावाड्याचा खांदा असा धरला की तो हसला. आप्पा सत्तरीचे, पण सहज उतरून बसले. होडी निघाली. काठावर शिंदे घाटाचं ते कललेलं देऊळ धुक्यातून दिसलं, अर्धं पाण्यात गेलेलं. देवळाच्या पुढे कुठेतरी मणिकर्णिकेचा धूर, पण धूर कुठला आणि धुकं कुठलं ते कळत नव्हतं. घाट दिसेनासे झाले. आता खाली पाणी आणि समोर आप्पा. मी दोन्ही हातांनी कड घट्ट धरली आणि डोळे मिटून बोलून टाकलं. काय बोललो ते नीट आठवत नाही. ईशान, दंडाची पट्टी, पिवळा, लाल, भूक मेलीय, वर्षश्राद्धाला अजून पाच महिने आहेत, तोवर तो राहणार नाही आप्पा, त्याचं उष्टावण करू द्या.

मी डोळे उघडले. आप्पा माझ्याकडे बघत होते, न कळल्यासारखे.

"उष्टावण तर झालं ना?" ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही.

"मी पाहिलं की. सूनबाई त्याला बोटाने भरवत होती. रोज भरवते." मग पाण्याकडे बघत ते म्हणाले, "मला वाटलं, मला वगळून उरकलंत. ज्याची बायको गेली त्याला मंगल कामात कशाला बोलवायचं, असं वाटलं असेल तुम्हा लोकांना. मी मनात म्हटलं, ठीक आहे."

म्हणजे तीन महिने हा माणूस त्या पुडीकडे बघून रुसला होता, आणि घर त्याच्या रुसव्याला बंदी समजत होतं. मी सगळं सांगितलं, पुडी काय आहे ते, एकादशीचा हिशेब, सगळं. आप्पांचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं आता आत्यांवर चिडतील. ते चिडले नाहीत.

"लग्न थांबतं, मुंज थांबते," ते म्हणाले. "लेकराचं पोट थांबतं होय? मला विचारायचं तरी." आणि नावाड्याकडे वळून, "नाव घुमाइए, भैया. घर चलिए."

"पर नहान, पंडितजी?"

"कल होगा."

घरी

आप्पा स्नान न करता घरी आले हे पाहून आत्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना वाटलं, काहीतरी अशुभ झालं. आप्पांनी दारातूनच सांगितलं, भात टाका, मऊ, आणि मुगाचं वरण. मग घरातच अंघोळ करून सोवळं नेसून आले आणि देवापुढे पाट मांडला. श्रीकांतराव ड्यूटीवरून नुकते आले होते, ते बूट हातात धरून दारातच उभे राहिले. आप्पांनी मंत्र म्हटले, अगदी थोडे. मृणाल ईशानला घेऊन बसली. चांदीची वाटी माझ्या हातात दिली गेली.

मी घास केला. भात, वरण, तूप, अगदी गुरगुट. ईशानच्या ओठाला लावला. त्याने तोंड फिरवलं. पुन्हा लावला, थोडा आत गेला, आणि जिभेने बाहेर ढकलला. तिसऱ्यांदा तो खोकला, असा खोकला की मृणालने त्याला पालथं घेऊन पाठ थोपटली. मला दीदीचं बोलणं आठवत होतं, आणि सगळ्यांना तेच सुचत असणार, की फार उशीर झाला.

मृणालच उठली. फळीवरची एक पुडी काढली, कात्रीने कोपरा कापला आणि सगळी वाटीत पिळली. बोटाने कालवली. भाताचा रंग दाण्याच्या आमटीसारखा झाला. आत्यांकडे तिने पाहिलं नाही, आप्पांकडेही नाही. "आता दे," म्हणाली.

मी नखाएवढा घास त्याच्या जिभेवर ठेवला. ईशानने तो थोडा वेळ तसाच धरून ठेवला. त्याला ती चव माहीत होती. ओठ हलले. घशाशी काहीतरी खाली गेलेलं दिसलं. मी दुसरा दिला. तोही गेला. चौथा की पाचवा घास अर्धा बाहेर आला आणि हनुवटीवरून ओघळला. शेजारी सोवळ्यात बसलेल्या आप्पांनी तो बोटाने टिपला आणि काही विचार न करता स्वतःच्या तोंडात टाकला. आत्या भिंतीकडे तोंड करून रडत होत्या.

फार नाही खाल्लं त्याने. चार चमचे असेल. पण राहिलं पोटात.

निघताना

ठरल्या दिवशी पुन्हा केंद्रावर गेलो, या वेळी आत्याही आल्या. मृणालने दीदीला सरळ सांगितलं की मी तुमच्याशी खोटं बोलले. दीदीने रागावून घेतलं, मग पुड्या दिल्या, आणि थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहा वेळा, रोज, असं दोनदा म्हणवून घेतलं. पट्टी लावली. पिवळाच. एवढ्यात हलणार नाही, ती म्हणाली, महिने लागतील, आणि मधे पुन्हा काही झालं तर लगेच या. मला वाटलं होतं, घास गेला म्हणजे सुटलो. तसं काही नसतं. मी पिवळ्या पट्टीकडे बघत बघतच काशी सोडली.

मिरजेला आल्यावर आठवडाभर फोन वाजला की मी उचलायला घाबरायचो. मृणालचं नाव दिसलं की मी आधी हिच्या हातात फोन द्यायचो, ही बोलून "ठीक आहे सगळं" म्हणाली की मगच घ्यायचो. कधी अर्धी वाटी खाल्लं, कधी ओकला, कधी नुसतीच पुडी चाटली. परवा दुकानात गिऱ्हाईक समोर असताना तिचा फोन आला. ही जवळ नव्हती, मलाच उचलावा लागला. पलीकडून आधी आवाज आला तो ईशानचा. रडत होता. सणसणीत, घर डोक्यावर घेतल्यासारखा. मी फ्रेम तिथेच टाकून ओरडलो, "काय झालं? मृणाल, काय झालं त्याला?"

"काही नाही रे दादा," ती म्हणाली. "भूक लागलीये त्याला. ठेवते मी."